पोकळ कवचात भरलेला पफ चौथ्या दिवशी आत का ओढला जातो?

गेल्या वर्षी पोळ्याच्या तीन आठवडे आधी मी कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ असा एक बैल तयार केला होता. मिरवणुकीत तो चार मुलांनी खांद्यावरून न्यायचा होता, त्यामुळे वजनाला हलका आणि तरीही हाताळणीत कुठे दबणार नाही असा तो व्हायला हवा होता. या हेतूने त्याच्या पोटात दोन द्रव एकत्र करून फुगणारा फोम ओतला. केळी पिकवण्याच्या आणि साठवण्याच्या शीतखोल्या बांधणारे आपल्याकडचे कारागीर त्याला नुसते 'पफ' म्हणतात. त्या संध्याकाळी टिचकी मारली तर पाठीपासून पोटापर्यंत सगळीकडे सारखाच भरीव आवाज येत होता. चौथ्या दिवशी सकाळी रंगाच्या पहिल्या हातापूर्वी घासकागद फिरवत असताना डाव्या बरगडीवर माझा तळहात एकाएकी खाली गेला. तेथे वाटीच्या तळाएवढा खळगा पडला होता आणि त्याच्या कडेने कागदाला केसासारखी बारीक चीर गेली होती. ओट्यावर बसलेल्या आप्पांनी "काय व्हयनं भाऊ?" म्हणून विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. अमळनेरच्या एका स्नेह्यांनी फायबरच्या छोट्या होडीच्या पोटात तरंगण्यासाठी पफ भरला, तर आठवड्यात तिचा तळ आत गेला. शहाद्याकडच्या एका शिक्षकांनी देखाव्यासाठी केलेले हत्तीचे डोके उन्हाळ्यात भरताना फुटले, आणि तशाच मापाने डिसेंबरात भरलेले दुसरे डोके अर्धेच भरले. प्रत्येक वेळी शेवट एकाच वाक्यावर होतो की माल खराब होता. सगळे तुकडे कापून आणि जोखून पाहिल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. माल क्वचितच खराब असतो. चूक बहुतेक वेळा ओतण्यापूर्वी, वजनात, उष्णतेत किंवा ओलीत झालेली असते, आणि ती यांपैकी कोणती हे फोमचा कापलेला काप स्वच्छ सांगतो. म्हणून दुसरा डबा विकत आणण्यापूर्वी बिघडलेली वस्तू कापून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निदान समजण्यासाठी डब्यांत काय असते ते थोडे जाणून घ्यावे लागेल. एका डब्यात गडद तपकिरी आयसोसायनेट असते आणि दुसऱ्यात फिकट पिवळसर पॉलिऑल असते. या दोन प्रकारच्या द्रव्यांच्या संयोगातून पॉलियुरेथेन तयार होते, आणि ही क्रिया जर्मनीत ओट्टो बायर यांनी १९३७ मध्ये शोधली. काही उत्पादक तपकिरी द्रवाला 'ए' म्हणतात, तर काही पिवळ्याला 'ए' म्हणतात. त्यामुळे डब्यावरच्या अक्षरावर विसंबून एकाची सूचना दुसऱ्याच्या मालाला लावू नये आणि रंगावरूनच ओळख ठेवावी. फोम फुगवणारा वायू पुष्कळदा पॉलिऑलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या थोड्या पाण्यातून येतो, कारण आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याबरोबर बरीच उष्णताही निघते. पूर्वी या कामासाठी एचसीएफसी-१४१बी नावाचा, ३२ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव सर्रास वापरत असत. ओझोनच्या थराला अपाय करत असल्यामुळे १ जानेवारी २०२० पासून भारतात फोम बनवण्यासाठी त्याचा वापर थांबला. जुन्या कारागिरांनी तोंडी सांगितलेली मापे आणि वेळा आजच्या मालाला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

आता खळगा कसा पडतो ते पाहू. फुगत असताना फोमचा गाभा १०० अंशांच्या वर सहज जातो. समजा, गाभ्यातला वायू १२० अंशांवरून ३० अंशांवर आला, तर फोममधल्या बारीक बंद कप्प्यांतला त्याचा दाब साधारण पाऊणपट उरतो. पुढच्या काही दिवसांत कार्बन डायऑक्साइड कप्प्यांच्या पातळ भिंतींमधून बाहेर झिरपत जातो, आणि बाहेरची हवा मात्र त्यामानाने फार सावकाश आत शिरते. म्हणजे कप्प्यांत काही काळ पोकळीसारखी ओढ निर्माण होते. भिंती पुरेशा जाड आणि पूर्ण पक्क्या असल्या तर त्या ही ओढ सहन करतात. त्या पातळ किंवा अर्धकच्च्या असल्या तर फोम हळूहळू आकसतो आणि त्याला चिकटलेले कवचही आपल्याबरोबर आत ओढून नेतो. पहिल्या संध्याकाळी भरीव लागलेला बैल चौथ्या दिवशी खपाटीला जातो तो यामुळेच. पहिल्या दिवसाच्या टिचकीवर विश्वास ठेवू नये. वस्तू निदान चार दिवस सावलीत ठेवावी आणि मगच तिच्यावर रंगाचे काम सुरू करावे.

काप कसा वाचावा

मी बैलाच्या बरगडीवर दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकट आखली, हॅकसॉच्या सुट्या ब्लेडने ती कापली आणि तुकडा उन्हात धरला. कागदाला लागून असलेला अंगठ्याएवढा थर धिरड्याच्या जाळीसारखा दिसत होता: मोठी, वेडीवाकडी भोके, आणि त्यांच्यामधल्या भिंती बोटाने सहज मोडणाऱ्या. कागद फोमपासून सालीसारखा सुटून आला आणि आतल्या बाजूने तो गार लागत होता. त्या थराच्या खालचा फोम बारीक कप्प्यांचा होता, पण नख दाबले की रबरासारखा दबायचा आणि हळूहळू पुन्हा वर यायचा. एकाच कापात दोन चुका लिहिलेल्या होत्या: कागद ओला होता आणि मिश्रणात पॉलिऑल जास्त झाले होते.

चांगल्या कडक फोमचा काप फिकट मलईच्या रंगाचा असतो, त्याचे कप्पे बारीक आणि एकसारखे असतात, फुगण्याच्या दिशेने ते किंचित लांबट दिसतात, आणि नख दाबले की बारीक करकर आवाज होऊन खूण तशीच राहते. आयसोसायनेट जास्त झाले असेल तर फोम गडद, ठिसूळ होतो आणि बोटांत चोळला की भुगा पडतो. तपकिरी आणि पांढऱ्या रेघा संगमरवरासारख्या शेजारी-शेजारी दिसल्या, आणि त्यांत एखादी जागा दुसऱ्या दिवशीही चिकट लागली, तर मिश्रण नीट ढवळले गेलेले नाही. कवचाला लागून पाच-सात मिलिमीटर जाडीची, डिंकासारखी घट्ट, न फुगलेली साल असेल तर साचा थंड होता. मध्यभागी पिवळा-तपकिरी डाग, तडे आणि करपल्याचा वास असेल तर एका वेळी फार जास्त माल ओतला गेला. गाभ्यात मोठी गुहा असून तिच्या कडा फाटल्यासारख्या दिसत असतील, तर फोम फुगून पक्का होण्यापूर्वीच कोसळला. पॉलिऑलचा डबा वापरण्यापूर्वी हलवला नसेल तर हा प्रकार घडू शकतो, कारण त्यातले कप्पे सांभाळणारे सिलिकॉन आणि क्रिया घडवणारे उत्प्रेरक डब्यात उभ्या उभ्या वेगळे होऊ शकतात.

वजनातली चूक

सर्वांत जास्त घरांत होणारी चूक ही आहे, म्हणून तिच्यावर थोडे विस्ताराने लिहितो. डब्यावर 'समान भाग' असे लिहिलेले असते आणि आपण वजनकाट्यावर दोन्ही द्रव समान घेतो. परंतु पुष्कळ उत्पादकांचे हे माप आकारमानाचे असते, वजनाचे नव्हे. आयसोसायनेट एका मिलिलिटरला सुमारे १.२३ ग्रॅम भरते, तर पॉलिऑलचे मिश्रण साधारण १.०५ ते १.१ ग्रॅम भरते. म्हणजे समान आकारमान हवे असेल तर १०० ग्रॅम पॉलिऑलला सुमारे ११४ ग्रॅम आयसोसायनेट लागते. दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम घेतले की आयसोसायनेट आठव्या हिश्शाने कमी पडते, फोम वरून छान फुगतो, पण त्याच्या भिंती कच्च्या राहतात आणि तो पुढे आकसतो. माझ्या बैलात नेमके हेच झाले होते. माहितीपत्रकात वजनाचे प्रमाण स्वतंत्र दिलेले असेल तर तेच घ्यावे. दिलेले नसेल तर दोन्ही द्रवांचे शंभर-शंभर मिलिलिटर एकदा काळजीपूर्वक जोखून आपले प्रमाण कायमचे ठरवून घ्यावे.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो. दोन्ही द्रव वेगवेगळ्या भांड्यांत जोखावेत आणि मग एकत्र करावेत. परंतु आयसोसायनेट दाट असल्यामुळे त्याचा पाच-सहा ग्रॅम थर भांड्यालाच चिकटून राहतो, आणि छोट्या ओतात तेवढ्यानेही प्रमाण बिघडते. म्हणून मी आता आधी पॉलिऑल मिसळण्याच्या भांड्यात घेतो, काटा शून्यावर आणतो आणि आयसोसायनेट थेट त्याच भांड्यात धारेने सोडतो. क्रिया ढवळल्याशिवाय जोर धरत नाही, त्यामुळे जोखायला पुरेसा वेळ मिळतो. मात्र धार झटपट सोडता यावी म्हणून आयसोसायनेट आधी एकदा दुसऱ्या भांड्यात जोखून तयार ठेवावे.

प्रत्येक नव्या डब्याची आणि प्रत्येक ऋतूच्या आरंभी जुन्या डब्याचीही कसोटी घ्यावी. आइस्क्रीमचा एक लिटरचा रिकामा डबा घ्यावा, त्यात ६० ग्रॅम मिश्रण ओतावे आणि घड्याळ लावावे. मिश्रण दुधाळ होऊन वर चढू लागेपर्यंतचा काळ, ज्याला पॅनेलवाले (शीतखोल्यांच्या भिंतींचे, पत्र्यांमध्ये पफ भरलेले तावे बनवणारे) क्रीम टाइम म्हणतात, तो लिहून ठेवावा. फुगणे थांबण्याची आणि पृष्ठभाग बोटाला न चिकटण्याची वेळही लिहावी. दुसऱ्या दिवशी डब्याच्या काठाशी सपाट कापून उरलेला भाग जोखावा. निव्वळ वजन ४५ ग्रॅम भरले तर त्या फोमची मोकळी घनता लिटरला ४५ ग्रॅम, म्हणजेच घनमीटरला ४५ किलो आहे. तो तुकडा फेकू नये. चार दिवसांनी डब्याच्या भिंतीपासून तो किती सुटला आहे हे पाहिले की आकसण्याचा अंदाज वस्तू भरण्यापूर्वीच मिळतो.

आता भरायच्या पोकळीचे आकारमान काढावे. फायबरचे कवच असेल तर पाणी भरून मोजता येते, पण त्यानंतर ते पूर्ण वाळवावे लागते. कागदाच्या कवचात पाणी घालताच येत नाही, म्हणून कोरडी ज्वारी भरावी आणि लिटरच्या मापाने मोजून काढून घ्यावी. समजा बैलाचे डोके ३ लिटरचे आहे. मोकळ्या घनतेने १३५ ग्रॅम मिश्रण ते जेमतेम भरील. परंतु भिंती मजबूत होण्यासाठी बंद पोकळीत दहा-पंधरा टक्के जास्त माल दाबून बसवावा लागतो, म्हणजे सुमारे १५५ ग्रॅम, आणि भांड्याला चिकटणारे धरून १६३ ग्रॅम. त्यात ७६ ग्रॅम पॉलिऑल आणि ८७ ग्रॅम आयसोसायनेट येते. जास्तीचे प्रमाण पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढवले तर पातळ कवच फुगते किंवा सांध्यावर उसवते. हत्तीचे डोके फुटले ते अंदाजाने 'थोडे जास्तच' ओतल्यामुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पॅनेलच्या कामावरून उरलेला, घनमीटरला ४० किलोच्या आसपासचा माल स्वस्तात मिळतो आणि हौशी माणूस तो आनंदाने घरी आणतो. पॅनेलमध्ये तो दोन पत्र्यांच्या मध्ये, दाबाच्या साच्यात भरला जातो, आणि पत्रा त्याला आकसू देत नाही. आपल्या कागदाच्या किंवा पातळ फायबरच्या कवचात ती ताकद नसते. म्हणून मोकळी घनता ६० ते ६५ असलेला माल, थोडा महाग पडला तरी, घ्यावा असे माझे मत आहे. वस्तूचे वजन त्यामुळे काही शे ग्रॅमने वाढते, परंतु काम पुन्हा करावे लागत नाही.

खानदेशचा उन्हाळा आणि हिवाळा

बहुतेक माहितीपत्रकांतील वेळा २० ते २५ अंशांसाठी दिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला डबा त्याहूनही गरम असतो. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो असे धरले, तर २५ अंशांना तीस सेकंद असलेला क्रीम टाइम ४० अंशांना दहा-अकरा सेकंदांवर येतो. तेवढ्यात नीट ढवळणेही होत नाही, मग ओतणे आणि फोम कानाकोपऱ्यात पोहोचणे दूरच. संगमरवरी रेघांचे, रिकाम्या शिंगांचे आणि करपलेल्या गाभ्याचे काप बहुधा याच महिन्यांतले असतात.

यावर खोली थंड करण्यापेक्षा द्रव थंड करणे सोपे आहे. झाकणे घट्ट लावलेले डबे रांजणातल्या पाण्याने भरलेल्या टबात तासभर ठेवावेत, बाहेर काढून कोरड्या फडक्याने, विशेषतः झाकणाच्या खोबणीत, पुसावेत आणि तापमापी लावून २५ अंशांच्या जवळ आल्याची खात्री करून मगच उघडावेत. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मातीच्या भांड्यातले पाणी हे काम उत्तम करते. डबा फ्रिजमध्ये ठेवू नये: आयसोसायनेट फार दाट होते आणि गार डबा उघडताच हवेतले बाष्प दवासारखे त्याच्या आत जमते. ओले गोणपाट गुंडाळण्याची पद्धतही मी सोडली आहे, कारण ओल नेमकी झाकणापाशीच साचते. काम पहाटे सहाच्या सुमारास उरकावे, आणि कवचही आदल्या रात्रीपासून सावलीत असावे. उन्हात तापलेले फायबरचे कवच आतल्या फोमला अचानक पेटल्यासारखे फुगवते.

हिवाळ्यात सगळे उलट होते. आपल्याकडे काही पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि गार कवचाला लागणारा थर उष्णता गमावून फुगतच नाही. तो डिंकासारखा घट्ट बसून राहतो आणि माल संपतो, पण पोकळी भरत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बारा ते तीन हीच वेळ धरावी, कवच आणि डबे दोन-तीन तास कोवळ्या उन्हात ठेवावेत, आणि डबे हाताला कोमट लागल्यावर ओत करावा. द्रव आगीवर किंवा शेगडीजवळ गरम करू नये.

ओल: कागदाची, हवेची आणि कूलरची

कवचातली ओल आयसोसायनेटशी परस्पर क्रिया करते आणि आपण मोजून घेतलेले प्रमाण कवचापाशी बिघडवते. तेथे आयसोसायनेट कमी पडते, वायू जास्त सुटतो, आणि धिरड्यासारखी जाळी तयार होते. कागदाचा लगदा बाहेरून खडखडीत वाटला तरी आत कित्येक दिवस ओल धरून ठेवतो, आणि पोळा व गणपतीची कामे तर ऐन पावसाळ्यात चालतात. यावर उपाय काट्याचाच आहे: कवच रोज एकाच वेळी जोखावे, आणि सलग दोन दिवस वजन बदलले नाही की ते वाळले असे मानावे. त्यानंतर आतून तेलरंगाचा एक पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा, म्हणजे हवेतील ओल कागद पुन्हा ओढून घेत नाही.

पाण्याच्या कूलरकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एप्रिलपासून आपल्या घराघरांत तो चालतो आणि खोलीची कोरडी हवा दमट करतो. अमळनेरच्या होडीत पाणी शिरलेले नव्हते, कागदही नव्हता, तरीही तळाला जाळी दिसत होती. चौकशी करता असे कळले की फायबरचे कवच रात्रभर कूलरच्या झोतासमोर ठेवले होते आणि डबेही तेथेच उघडे होते. तेव्हापासून ओताच्या आदल्या रात्रीपासून त्या खोलीतला कूलर बंद ठेवण्याचा नियम आम्ही दोघांनी पाळला आहे. डब्यांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे: आयसोसायनेटवर पांढरट साय किंवा कडेला खडे दिसले तर त्याने ओल घेतली आहे, आणि असा माल वापरू नये. ओल शिरलेला डबा घट्ट बंद करून ठेवणे धोक्याचे आहे, कारण आत वायू साचून तो फुगतो आणि फुटू शकतो.

कवच फुगू नये आणि शिंगे रिकामी राहू नयेत म्हणून

पातळ कवचाला बाहेरून आधार द्यावा. मी मोठ्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये वाळवलेली गिरणेची वाळू घेतो, कवचावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळतो आणि ते वाळूत बसवून चारही बाजूंनी वाळू ठोकून घेतो. वाळू सगळीकडून सारखा आधार देते आणि दोरीसारखी खाच पाडत नाही. हिवाळ्यात मात्र गार वाळू उष्णता ओढून घेते, म्हणून त्या दिवसांत वाळूही उन्हात पसरावी.

फोम खालून वर चढतो आणि पुढची हवा ढकलत नेतो. तिला वाट नसेल तर ती शिंगांत, कानांत आणि शेपटीच्या टोकाशी अडकते. ओताच्या वेळी वस्तू ज्या स्थितीत असेल त्या स्थितीतल्या प्रत्येक उंच टोकाला तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पाडावे. छिद्रातून फोमचा मणी बाहेर डोकावला की ते टोक भरले असे समजावे. मोठी पोकळी एकाच ओतात भरू नये. पहिला थर फुगून, बोटाला चिकटेनासा झाल्यावर, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा ओतावा, म्हणजे गाभा करपत नाही. खालच्या उघड्या थरांवर दाब बसत नाही, म्हणून अशा कामाला हलक्या घनतेचा माल मुळीच चालत नाही.

थर्माकोलचा गाभा किंवा थर्माकोलचाच साचा वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तो १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे त्याच्यावर पातळ थरच द्यावेत. साच्यातून फोम सुटून यायला हवा असेल तर मेणाचा हात किंवा पॉलिथिनचा कागद पुरतो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण पूर्ण गांभीर्याने सांगतो. आयसोसायनेटची वाफ श्वसनमार्गाला घातक आहे आणि एकदा त्याची संवेदनशीलता निर्माण झाली की पुढे अत्यल्प प्रमाणानेही दम्यासारखा त्रास होऊ शकतो. काम मोकळ्या हवेत करावे, सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि बंद चश्मा वापरावा, आणि मुलांना फोम पूर्ण पक्का होईपर्यंत जवळ येऊ देऊ नये. कच्चा माल त्वचेला लागला तर लगेच खाद्यतेलाच्या फडक्याने पुसून साबणाने धुवावे. पक्का झाल्यावर तो कशानेच निघत नाही, घासूनच काढावा लागतो. थर्माकोल कापण्याची गरम तार पफला कधीही लावू नये. पफ वितळत नाही, तो जळतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. भांड्यात उरलेले मिश्रण लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ते थंड होईपर्यंत उघड्यावर फरशीवर ठेवावे.

पडलेला खळगा दुरुस्त करताना

फोम अजून आकसत असताना वरून भराव देण्यात अर्थ नाही, तो भरावही आत जातो. खळग्यावर स्टीलची पट्टी आडवी धरून मध्यभागाची खोली मोजावी आणि तीन दिवस रोज मोजत राहावी. आतला फोम नखाला कडक लागत असेल आणि खोली बदलत नसेल, तर वरून लगदा किंवा पुट्टी देऊन भागते. फोम मऊ असेल तर खिडकी कापून तो कडक भागापर्यंत खरवडून काढावाच लागतो. बारीक छिद्रातून बंद जागेत नवा माल दाबण्याचा मोह टाळावा, कारण त्याला फुगायला वाट मिळत नाही आणि तो कवच शेजारच्या जागी उसवतो.

माझ्या बैलाच्या बरगडीतून मी मूठभर मऊ फोम काढला. पाऊस असल्यामुळे पंख्याची हवा आणि कागदापासून वीतभर दूर धरलेला ६० वॅटचा बल्ब देऊन, समोर बसून राहून, तीन दिवस तो कोपरा वाळवला. वजन २ किलो ८४० ग्रॅमवरून २ किलो ७१० ग्रॅमवर आले आणि तेथे थांबले. मग ४० ग्रॅमचा एक छोटा ओत, या वेळी १०० ला ११४ या प्रमाणात, उघड्या खिडकीतून दिला आणि वर आलेला भाग दुसऱ्या दिवशी सपाट कापला. चार दिवसांनी पट्टी धरली तेव्हा मध्यभागी एक मिलिमीटरचा फरक होता, आणि पुढचे तीन दिवस तो तेवढाच राहिला. त्यावर लगद्याचा पातळ थर दिला, तो वाळू दिला आणि मग पांढरा रंग लावला. शिंगांना हिंगूळ लागला तो पोळ्याच्या आदल्या रात्री.